खुबा बदलायचाय, आणि रक्त पातळ करणारी गोळी: बंद कधी, सुरू कधी?

शंकासूर (सोमवार, रात्री १०:१४)

नमस्कार मंडळी. बाबांचा (वय ७४) उजवा खुबा बदलायचं ठरलंय. सांधा पार झिजलाय, रात्री कूस बदलली तरी कळवळतात. त्यामुळे करायचं की नाही हा प्रश्नच उरलेला नाही. प्रश्न गोळ्यांचा आहे.

त्यांना चार वर्षांपासून ॲट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित. त्यातून गुठळी होऊन पक्षाघात होऊ नये म्हणून एपिक्साबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी, ५ मिलिग्रॅम, सकाळी आठ आणि रात्री आठ. शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात गुरुवारी, सकाळी आठला. आता कोण काय म्हणालं ते ऐका.

सर्जन: दोन दिवस बंद ठेवा.
भूलतज्ज्ञ: तीन दिवस हवेत, मी मणक्यात भूल देणार आहे.
हृदयाचे डॉक्टर: बंद करा, पण गरजेपेक्षा एक दिवसही जास्त नको.
वॉर्डातली सिस्टर: काळजी करू नका, ऑपरेशननंतर गुठळी होऊ नये म्हणून आम्ही रक्त पातळ करायचं औषध देतोच.

म्हणजे धोक्याचं म्हणून बुधवारी जे बंद, तेच शुक्रवारी संरक्षण म्हणून सुरू. बाबांचं म्हणणं, "नळ बंद ठेवायचा की चालू, ते एकदा आपापसात ठरवून या म्हणावं."

डॉक्टरांना विचारणारच आहे. पण काय विचारायचं तेच कळत नाहीये. कुणाच्या घरी हे झालंय का?

वेंधळी (रात्री १०:३१)

वाचतेय. पुढच्या महिन्यात सासूबाईंचं आहे.

पायवाट (रात्री १०:५०)

माझा डावा खुबा दोन वर्षांपूर्वी बदलला, तेव्हा वय ५८. हृदयाचं काही दुखणं नाही, आधीची कुठलीही गोळी नाही. तरीही शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून पोटात गुठळीविरुद्धचं इंजेक्शन: इनोक्झापॅरिन ४० मिलिग्रॅम, रोज एक. घरी सोडताना म्हणाले, एकूण ३५ दिवस. मी म्हटलं, मला तर काही झालेलं नाही. सर्जन म्हणाले, "होऊ नये म्हणूनच."

पहिली चार इंजेक्शनं सिस्टरने दिली, मग बायकोला शिकवलं. तिने ज्या उत्साहाने शिकून घेतलं त्यावरून संसाराबद्दल बरेच विचार मनात आले. पोटावर हिरवे-जांभळे डाग पडले, तेवढा त्रास सोडला तर काही नाही.

कंपाउंडर_काका (रात्री ११:२२)

औषधनिर्माणात तीस वर्षं गेली, म्हणून एक गोष्ट आधी साफ करतो. या औषधांनी रक्त पातळ होत नाही. पाणी घातलेल्या रंगासारखं काही चित्र डोळ्यांपुढे असेल तर ते पुसा. रक्त तेवढंच दाट राहतं, फक्त गोठायला वेळ लागतो किंवा गोठण्याच्या साखळीतला एखादा दुवा काढून घेतलेला असतो. हेपॅरिन, वॉरफरीन, एपिक्साबॅन हे त्या साखळीवर काम करतात. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत. घरात सगळ्यांनाच 'पातळ करायची गोळी' म्हणतात आणि तिथून गोंधळ सुरू होतो, कारण दोन वेगळ्या गोळ्या चालू असल्या तरी माणूस एकच सांगतो.

आता बाबांच्या नळाबद्दल. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खोव यांच्या नावाने ओळखलं जाणारं त्रिकूट आहे, १८५६ सालच्या त्यांच्या कामावरून आलेलं. शिरेत गुठळी व्हायला तीन कारणं: रक्त साचून राहणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा, आणि रक्ताचीच गोठण्याची ओढ वाढणं. खुब्याच्या शस्त्रक्रियेत ही तिन्ही एकदम हजर असतात. पाय विचित्र कोनात वळवून धरल्यामुळे मांडीची मोठी शीर पिळली जाते. हाड कापल्यावर, मज्जा उघडी पडल्यावर शरीर 'जखम झाली, गोठवा' असा हुकूम सोडतं. आणि मग माणूस पडून राहतो.

पूर्वी प्रतिबंधक औषध न देता सगळ्या रुग्णांच्या शिरांमध्ये रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढले, तेव्हा साधारण ४० ते ६० टक्के लोकांच्या पायात कुठे ना कुठे गुठळी दिसायची. बहुतेकांना तिचा पत्ताही नसायचा. एखादीच सुटून फुप्फुसात जायची. ती एखादी कुणाची असेल हे मात्र आधी कळत नाही.

म्हणून कापताना नळ हवा तसा वाहायला नको आणि कापून झाल्यावर तुंबायलाही नको. दोन्ही भीती खऱ्या आहेत, फक्त त्यांची वेळ वेगळी आहे.

रिकामटेकडा (रात्री ११:४०)

वॉरफरीन म्हणजे उंदीर मारायचं औषध ना? आजोबांना चालू होतं. आजी त्यांना गोळी देताना कपाटामागे एकदा बघून घ्यायची.

अर्धविराम (रात्री ११:५८)

@रिकामटेकडा, खरंच तेच आहे आणि गोष्ट त्याहून भारी आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत गुरं अचानक रक्तस्रावाने मरायला लागली. शिंग कापलं तरी रक्त थांबेना. कारण निघालं बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड, तो चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन विद्यापीठात पोचला. कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने पुढे काही वर्षं खपून त्या चाऱ्यातला पदार्थ वेगळा काढला. त्याचाच भाऊबंद वॉरफरीन. १९४८ मध्ये उंदरांसाठी बाजारात, १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर. १९५५ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही दिलं गेलं. त्यानंतर कुणी कपाटामागे बघायची गरज उरली नाही.

भूलथाप (मंगळवार, सकाळी ७:०५)

आयडीवरून ओळखलं असेलच, व्यवसायाने भूलतज्ज्ञ आहे. रोज लोकांना झोपवतो, इथे जागं करायचा प्रयत्न करतो. तुमच्या बाबांची तपासणी मी केलेली नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

दोन दिवस आणि तीन दिवस यांत दिसतो तेवढा फरक नाही. 'दोन दिवस बंद' म्हणजे शस्त्रक्रियेच्या आधीचे दोन पूर्ण दिवस गोळी नाही, आणि अर्थात त्या दिवशी सकाळीही नाही. गुरुवारी सकाळी आठला शस्त्रक्रिया, म्हणजे मंगळवार-बुधवार कोरे. शेवटची गोळी सोमवारी रात्री आठला. मोजा: ६० तास. एपिक्साबॅन साधारण बारा तासांत निम्मं होतं, साठ तासांत पाचदा निम्मं. अगदी थोडं उरतं. हाडाच्या शस्त्रक्रियेला हे पुरतं.

मणक्यात सुई घालायची तर आम्ही ७२ तास मागतो. सुईने तिथली एखादी बारीक शीर दुखावली आणि रक्त साचलं, तर मज्जारज्जूवर दाब येतो. मांडीत रक्त साचलं तर मांडी फुगते, जागा आहे. मणक्याच्या नळीत जागाच नाही. पाय लुळे पडू शकतात आणि काही तासांत दाब काढला नाही तर कायमचे. हे फार फार क्वचित होतं, पण एकदा होणंही परवडत नाही. म्हणून तुमचे भूलतज्ज्ञ म्हणतात ती शेवटची गोळी सोमवारी *सकाळची*.

मूत्रपिंडं मंद असतील तर औषध शरीरात जास्त वेळ राहतं आणि हे गणित बदलतं. डॅबिगॅट्रान या अशाच दुसऱ्या गोळीत तर खूपच बदलतं, चार दिवसांपर्यंत जातं. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणारी रक्ततपासणी) ताजा रिपोर्ट जवळ ठेवा.

शंकासूर (सकाळी ७:४८)

थांबा. म्हणजे हे सगळं भांडण सोमवार रात्रीच्या *एका* गोळीचं आहे?

भूलथाप (सकाळी ७:५०)

हो.

रिकामटेकडा (सकाळी ८:१२)

इतिहासात याहून लहान कारणांवरून लढाया झाल्यात.

टाचणी (सकाळी ११:३०)

सगळे शस्त्रक्रियेच्या आधीचं बोलताय. आमच्या घरी घोटाळा नंतर झाला, तो लिहिते.

बाबांचा खुबा व्यवस्थित बदलला. पाचव्या दिवशी घरी. कागदावर रिव्हारोक्साबॅन (एपिक्साबॅनसारखीच गोळी) १० मिलिग्रॅम, रोज एक, ३५ दिवस. हातात मात्र दहा गोळ्यांची एक पट्टी. ती संपली. वॉकर घेऊन चालत होते, टाके छान होते, आम्हाला वाटलं कोर्स झाला. कागद फाइलमध्ये, फाइल कपाटात. अठराव्या दिवशी सकाळी दात घासून बाहेर आले आणि दारातच बसले. श्वास पुरेना. छातीत दुखलं नाही, काही नाही. आधी वाटलं अशक्तपणा. दादा म्हणाला, बोलताना दर दोन शब्दांनी थांबतायत. तसेच उचलून नेलं. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या. पोटरी किंचित सुजलेली होती, ती 'ऑपरेशनची सूज' म्हणून आम्ही रोज बघत होतो.

वाचले. तीन महिने पूर्ण डोस घ्यावा लागला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं ते आजही कानात आहे: खुब्याच्या बऱ्याचशा गुठळ्या घरी गेल्यावर दगा देतात, दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. आम्ही दवाखान्यातले पाच दिवस डोळ्यांत तेल घालून बसलो आणि नंतर निवांत झालो.

कोपऱ्यातला (दुपारी १:०५)

टाचणी, तुमच्या बाबांबद्दल ऐकून वाईट वाटलं, वाचले हे महत्त्वाचं. पण मी उलट बाजू लिहितो, कारण अशा धाग्यांवर गुठळीची भीती इतकी रंगवतात की रक्तस्राव हा किरकोळ 'साइड इफेक्ट' वाटायला लागतो.

माझी आई, ६९. शस्त्रक्रियेनंतर रोज इनोक्झापॅरिन. तिला आधीपासून ॲस्पिरिन होतंच, ते घरच्या डबीतून चालू राहिलं. त्यात पाय दुखतो म्हणून कुणीतरी डायक्लोफिनॅक लिहिलं. तिन्ही एकदम. लिहिणारे तिघे वेगळे, एकाला दुसऱ्याचं ठाऊक नाही. सहाव्या दिवशी मांडी टरारून फुगली, कातडी चकचकीत, हिमोग्लोबिन ७ वर. जखम उघडून साचलेलं रक्त धुऊन काढावं लागलं. रक्त चढवलं. सहा आठवडे जंतुसंसर्गाच्या भीतीत काढले, कारण नव्या सांध्याला संसर्ग झाला तर तो काढून परत बसवायची वेळ येते. तेव्हा 'घ्या, होऊ नये म्हणूनच' एवढं साधं ते नाही. मला विचाराल तर आजकाल सरसकट सगळ्यांना ही औषधं जरा सढळ हातानेच देतात.

टाचणी (दुपारी १:२०)

सढळ हाताने? बाबा दारात बसलेले तुम्ही पाहिले नाहीत.

कोपऱ्यातला (दुपारी १:२६)

आणि तुम्ही आईची मांडी पाहिली नाहीत.

कंपाउंडर_काका (दुपारी २:४५)

दोघेही थंड घ्या. तुमच्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीतच. एका घरी औषध मध्येच सुटलं, दुसऱ्या घरी तीन औषधं एकावर एक चढली. दोन्हीकडे औषधाची निवड बरोबर होती, हिशेब कुणाकडेच नव्हता.

कोपऱ्यातल्यांनी डायक्लोफिनॅकचं लिहिलं ते सोन्यासारखं आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन ही दुखण्यावरची औषधं प्लेटलेट्सही बिघडवतात आणि पोटाचं अस्तरही. रक्त न गोठण्याच्या गोळीबरोबर ती घ्यायची तर सर्जनला स्पष्ट विचारूनच, घरच्या डबीतून नाही. काही नैराश्यावरच्या गोळ्यांनीही रक्तस्राव थोडा वाढतो, त्या मनाने बंद करू नका पण यादीत लिहा. लसूण, गिंको, माशाचं तेल यांच्या कॅप्सूल लोक औषधात धरतच नाहीत. त्याही लिहा.

चष्मिष्ट (सायंकाळी ६:१०)

'सढळ हात' यावर दोन अभ्यास आठवले, ते दोघांनाही थोडं थोडं बरोबर ठरवतात.

पहिला एपकॅट-२, २०१८. खुबा किंवा गुडघा बदललेले ३४२४ रुग्ण. सगळ्यांना पहिले पाच दिवस रिव्हारोक्साबॅन. मग निम्म्यांना तेच पुढे, निम्म्यांना साधं कमी डोसचं ॲस्पिरिन (खुब्यासाठी आणखी ३० दिवस). त्रास देणाऱ्या गुठळ्या: ॲस्पिरिन ०.६४ टक्के, रिव्हारोक्साबॅन ०.७० टक्के. फरक नाहीच म्हणा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, स्वस्त आणि सोपं औषध पुरतं म्हणून.

दुसरा ऑस्ट्रेलियातला क्रिस्टल, २०२२. यात पहिल्यापासून फक्त ॲस्पिरिन विरुद्ध इनोक्झापॅरिन. ९० दिवसांत त्रास देणाऱ्या गुठळ्या: ॲस्पिरिन ३.४५ टक्के, इनोक्झापॅरिन १.८२ टक्के. टाळ्या थांबल्या. मात्र फरक मुख्यतः गुडघ्याखालच्या गुठळ्यांत होता, त्या तुलनेने कमी घातक.

माझा निष्कर्ष (डॉक्टर नाही, आकडे वाचायची खोड आहे): सुरुवातीचे दिवस जोरदार औषध, मग ॲस्पिरिन, हे चालण्यासारखं दिसतं. पहिल्या दिवसापासून नुसतं ॲस्पिरिन सगळ्यांनाच पुरेल असं नाही. ज्याला आधी गुठळी झालीय, कर्करोग आहे, वजन फार आहे, त्याचा हिशेब वेगळा. आणि शंकासूर यांच्या बाबांना हे लागूच नाही. त्यांना गोळी ठोक्यांसाठी आहे, त्या जागी ॲस्पिरिन चालत नाही.

कोपऱ्यातला (सायंकाळी ६:४०)

हे मान्य. 'सढळ'ऐवजी 'सरसकट' एवढंच म्हणतो.

टाचणी (सायंकाळी ६:५२)

आणि मी 'दारात बसलेले' मागे घेत नाही. पण आईंची काळजी घ्या.

सुतळी (रात्री ९:१५)

जरा अवांतर. काकांना पाच महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला, क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन दोन्ही चालू. खुबा दुखतो म्हणून घाई करतायत. क्लोपिडोग्रेल पाच-सात दिवस थांबवलं की झालं, असं एकाने सांगितलं. बरोबर आहे का?

भूलथाप (रात्री ९:३८)

@सुतळी, हे अवांतर नाही, या धाग्यातला सगळ्यात धोक्याचा प्रश्न हाच आहे. क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात हे खरं. पण *थांबवायची परवानगी आहे का* हा आधीचा प्रश्न. स्टेंट नवा असताना त्यातच गुठळी झाली तर तो थेट हृदयविकाराचा झटका. औषध लावलेल्या स्टेंटनंतर ठरवून करायच्या शस्त्रक्रिया साधारण सहा महिने तरी पुढे ढकलतात, आणि स्टेंट झटक्यानंतर बसवला असेल तर शक्यतो वर्षभर. झिजलेला खुबा थांबू शकतो. दुखेल, चिडचिड होईल, काठी घ्यावी लागेल, पण थांबेल. हृदयाच्या डॉक्टरांशिवाय एकही गोळी हलवू नका.

मोडलेला खुबा मात्र थांबत नाही. तिथे दीड-दोन दिवसांत शस्त्रक्रिया झालेली बरी, कारण पडून राहण्याचेच धोके वाढत जातात. अशा वेळी वॉरफरीन चालू असेल तर व्हिटॅमिन के देऊन परिणाम उलटवतात. इथे चाललंय ते ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेचं, दोन्हींची सरमिसळ नको.

उठबस (बुधवार, सकाळी ६:२०)

फिजिओथेरपिस्ट आहे. औषधांवर इतकं लिहून झालं आणि पायांवर कुणी बोलेना म्हणून आले.

पोटरीचा स्नायू हा शिरांचा पंप आहे. शुद्धीत आल्यापासून पावलं वर-खाली, वर-खाली. मणक्याची भूल उतरली की लगेच. कंटाळा येतो, म्हणून मी रुग्णांना सांगते, फोनवर बोलताना करा. बरेच जण तासन्‌तास बोलतात. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतो. घाबरतात, पण नवा सांधा उभं राहिल्याने निखळत नाही, चुकीच्या वळण्याने निखळू शकतो. पोटऱ्यांना गुंडाळून हवेने दाबणाऱ्या पट्ट्याही असतात. ज्यांना रक्तस्रावाच्या भीतीने औषध देता येत नाही त्यांच्यासाठी त्या फार मोलाच्या.

आणि टाचणी, तुम्ही लिहिलेलं 'ऑपरेशनची सूज' हे आम्ही रोज ऐकतो. खुब्यानंतर त्या पायाला सूज असतेच, खोटं नाही. रात्री झोपून उठल्यावर थोडी उतरते का बघा. एकाएकी वाढली, पोटरी दाबल्यावर दुखली, गरम लागली, किंवा शस्त्रक्रिया न झालेला पाय सुजला, तर घरी चर्चा करायची नाही.

अर्धविराम (सकाळी ९:३०)

एक गंमत. जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये आजच्या पद्धतीचा, प्लॅस्टिकच्या वाटीचा खुबा बसवायला सुरुवात केली नोव्हेंबर १९६२ मध्ये. त्याच वर्षी जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती यांनी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडवरचं काम प्रसिद्ध केलं. झालेली गुठळी लवकर विरघळू न देणारं हे औषध आज खुब्याच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी करायला सर्रास देतात. दोघांची गाठ पडायला मात्र कित्येक दशकं लागली.

शंकासूर (सकाळी ९:४४)

म्हणजे टेबलावर गुठळी टिकवायचं औषध, आणि खाली उतरलं की गुठळी होऊ न द्यायचं? बाबांना हे सांगणार नाहीये.

वेंधळी (रात्री १०:०५)

आता मी विचारते. सासूबाईंना हृदयात कृत्रिम धातूची झडप आहे (मायट्रल), वॉरफरीन चालू, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) ३ च्या आसपास. नात्यातल्या एकांनी सांगितलं की आता इंजेक्शनचा 'पूल' बांधत नाहीत, अभ्यासात सिद्ध झालंय, नुसतं पाच दिवस बंद करायचं. त्यांचे डॉक्टर मात्र हेपॅरिन देणार म्हणतायत. डॉक्टर जुन्या वळणाचे आहेत का?

चष्मिष्ट (रात्री १०:४०)

नात्यातले म्हणतात तो ब्रिज अभ्यास, २०१५. वॉरफरीन थांबवून मध्ये हेपॅरिनचं इंजेक्शन द्यायचं की नाही. न देणाऱ्यांत गुठळीने झालेला त्रास ०.४ टक्के, देणाऱ्यांत ०.३ टक्के, म्हणजे फायदा नाही. मोठा रक्तस्राव मात्र १.३ विरुद्ध ३.२ टक्के. पण ते रुग्ण ॲट्रियल फिब्रिलेशनचे होते. धातूच्या झडपा असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं.

भूलथाप (रात्री ११:०२)

वेंधळी, डॉक्टर जुन्या वळणाचे नाहीत, सावध आहेत. मायट्रल जागेची धातूची झडप म्हणजे गुठळीचा मोठा धोका, तिथे पुलाचा विचार होतोच. नव्या गोळ्याही तिथे चालत नाहीत, वॉरफरीनच. साधारणपणे पाच दिवस आधी बंद, आदल्या दिवशी आयएनआर बघायचा, तो दीडच्या खाली हवा. मधल्या दिवसांत हेपॅरिन कोणतं आणि शेवटचं इंजेक्शन किती तास आधी, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. हेपॅरिन चालू असताना प्लेटलेट्स मोजायला सांगितलं तर टाळू नका. क्वचित ते औषध पाचव्या दिवसानंतर प्लेटलेट्स पाडतं आणि वर उलट गुठळ्याच करतं.

नात्यातल्यांना सांगा, अभ्यास बरोबर आहे, सासूबाई वेगळ्या आहेत.

वेंधळी (रात्री ११:१०)

हे शेवटचं वाक्य मी फ्रेम करून लावणार.

शंकासूर (रविवार, दुपारी ४:३०)

तिन्ही डॉक्टरांशी बोललो. तुमच्यामुळे पहिल्यांदाच नीट प्रश्न विचारता आले. भूलतज्ज्ञांना '७२ तास म्हणजे शेवटची गोळी सोमवार सकाळची ना?' असं विचारल्यावर त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हृदयाच्या डॉक्टरांना त्या एका गोळीची हरकत नव्हती. पूल नाही म्हणाले. २०१९ च्या पॉज नावाच्या अभ्यासाचं सांगितलं, की ठरलेल्या वेळापत्रकाने थांबवून सुरू केलं तर एपिक्साबॅनवाल्यांत पक्षाघात वगैरे ०.१६ टक्के आणि मोठा रक्तस्राव १.३५ टक्के.

एक कागद केलाय. वर तारखा, खाली सकाळ-रात्र. घेतलेल्या गोळीवर बरोबरची खूण, न घ्यायच्या जागी आडवी रेघ. शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन दिवस एपिक्साबॅन अडीचचं, मग जखम बघून पाचचं. 'जखम बघून' याच्यापुढे सर्जनचे इनिशियल्स घेतलेत. बाबा म्हणतात, एवढा अभ्यास दहावीला केला असतास तर.

शंकासूर (शस्त्रक्रियेनंतरचा मंगळवार, रात्री ८:५०)

बाबा घरी आले. सगळं ठीक, पण सरळ झालं नाही, म्हणून लिहितो.

शनिवारी पाचची गोळी सुरू व्हायची होती. जखमेतून गुलाबी पाणी झिरपत होतं, दोनदा ड्रेसिंग बदललं. सर्जन म्हणाले, आज अडीचच, उद्या बघू. मला पक्षाघाताची भीती, त्यांना संसर्गाची. कोपऱ्यातला, तुमच्या आईंची गोष्ट वाचली नसती तर मी हट्ट धरला असता. रविवारी ड्रेसिंग कोरडं निघालं, रात्रीपासून पाच.

सोमवारी पोटरी सुजलेली वाटली. उठबस यांचं आठवून तासाभरात डॉक्टरांना सांगितलं, डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) केली. गुठळी नाही. वेळ गेला, पण झोप लागली.

आणि आज घरी सोडताना दिलेल्या कागदावर दोन ओळी होत्या. 'एपिक्साबॅन २.५, दोनदा, ३५ दिवस' आणि चार ओळींखाली, नेहमीच्या औषधांत, 'एपिक्साबॅन ५, दोनदा'. पहिली खुब्यासाठी सगळ्यांना छापील असते तीच. दोन्ही घेतल्या असत्या तर दिवसाला १५ मिलिग्रॅम. सिस्टरला दाखवलं, तिने डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी वरची ओळ खोडून सही केली. पूर्ण डोस चालू असला की वेगळा प्रतिबंधक डोस लागत नाही म्हणाले. शांतपणे केलं, कुणी कुणावर ओरडलं नाही.

टाचणी (रात्री ९:०२)

अंगावर काटा आला. तो कागद फाइलमध्ये ठेवू नका.

शंकासूर (रात्री ९:०६)

आरशावर चिकटवलाय. दाढी करताना बाबा खुणा मोजतात.

कोपऱ्यातला (रात्री ९:३०)

झिरपलं तेव्हा थांबलात, छान केलंत. आता दुखलं तर पॅरासिटॅमॉल, आणि ती जुनी डबी तेवढी उचलून ठेवा.

वेंधळी (रात्री ९:४५)

शंकासूर, तुमच्या कागदाचा तक्ता इथे टंकून द्याल का? सासूबाईंचा सोळा तारखेपासून सुरू होतोय. वॉरफरीनसाठी एक रकाना आयएनआरचा वाढवेन.

शंकासूर (रात्री ९:५८)

उद्या सकाळी टंकतो. इंजेक्शनसाठीही वेगळा रकाना ठेवा, आणि त्यात तारीख नको, तास लिहा.